कोपर वाकत नव्हतं

डिसेंबर सरत आला की नगर-पुणे रस्त्यावर, सुप्याच्या अलीकडे-पलीकडे, हुरडा पार्टीचे फलक लागतात. यंदा भाची मला आग्रहाने घेऊन गेली. गोवऱ्यांची धग, हातावर चोळून दिलेला गरम कोवळा दाणा, शेंगदाण्याची चटणी, वर ताक. शेजारच्या खाटेवर कारखान्यात नोकरी करणारी तरुण मुलंमुली होती. त्यांच्यातल्या एकाच्या मोबाईलवर कुठलंसं रॉकेट उडत होतं. एकजण म्हणाला, "सिनेमात याच्यापेक्षा भारी दाखवतात राव." त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, "एवढा पैसा वर घालवायचा कशाला? आधी इथले रस्ते नीट करा म्हणावं."

मी हुरडा चघळत राहिले. ही दोन्ही वाक्यं मी एकाच हिवाळ्यात ऐकली होती. त्यातलं दुसरं तर मी स्वतः, पंधरा वर्षांची असताना, माईकसमोर उभी राहून म्हटलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या.

तो हिवाळा बहात्तरच्या दुष्काळाचा. त्या वर्षी हुरडा नव्हताच. ज्वारी उगवली तिथेच करपली होती. आम्ही भिंगारला राहत होतो. नळाला पाणी येईल तेव्हा यायचं, आणि हंड्यांची रांग गल्लीच्या तोंडापासून बाजारापर्यंत जायची. थंडी कोरडी होती. ओठ फुटायचे, हातापायांवर नखाने ओढलं तर पांढरी रेघ उमटायची. रेशनला मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना आईच्या हाताखाली चिरा पडायच्या आणि तव्यावर गेली की ती विटेच्या रंगाची व्हायची. ही मिलो अमेरिकेतून येते, एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

माझे वडील, आप्पा, लष्कराच्या छावणीत शिलाईकाम करायचे. साधे कपडे नव्हेत. गाड्यांवरची ताडपत्री, कॅनव्हासच्या पिशव्या, कामावर अंगभर घालायच्या जाड डांगऱ्या. त्यांच्या सदऱ्याला मशीनच्या तेलाचा आणि मेणाच्या दोऱ्याचा वास असायचा. बोटांची टोकं इतकी घट्ट झालेली की गरम भाकरी ते तव्यावरून सरळ हाताने उचलत. शाळा चौथीपर्यंत. फारसे बोलत नसत, पण कुणाच्या अंगावरचा कपडा दिसला की नजर आधी शिवणीवर.

शाळेच्या स्नेहसंमेलनात वादविवाद स्पर्धा होती. आमचे विज्ञानाचे गंधे सर हौशी. त्यांनी विषय दिला, 'अवकाश संशोधन मानवजातीच्या हिताचे आहे'. निकाल परीक्षक देणार नाहीत, ऐकणाऱ्यांनी हात वर करून द्यायचा, असंही त्यांनी ठरवलं. चिठ्ठ्या टाकल्या. नसीमला अनुकूल बाजू आली, मला प्रतिकूल. नसीम माझ्याच वर्गातली, पलीकडच्या गल्लीत राहणारी. सर म्हणाले, "नगरला थिएटरात रविवारी सकाळी चंद्रावरचा एक इंग्रजी सिनेमा लागलाय. बघून या. काही मुद्दे मिळतील."

आप्पा मला घेऊन गेले. त्यांनी त्याआधी इंग्रजी सिनेमा पाहिला नव्हता. गोष्ट समजायला भाषेची गरज नव्हती. तीन माणसं चंद्रावर अडकतात, यान बिघडतं, नायक बाहेर पडून ते दुरुस्त करतो. अंगाला घट्ट बसलेला चंदेरी पोशाख, छातीवर गळ्यापासून कमरेपर्यंत ओढून लावायची चमकणारी चेन. तो धावतो काय, उड्या मारतो काय, एका हाताने मित्राला खांद्यावर टाकतो काय. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. मीही भान हरपून बघत होते. आप्पा मात्र चुळबुळत होते. शेवटी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "शकू, तिथं हवा नसती म्हनलीस ना?"

"हो."

"मंग आत भरलेली हवा ह्या चेनीतनं जाईल की बाहीर!"

पुढच्या रांगेतल्या शिपायाने वळून बघितलं. आप्पा गप्प झाले, पण परतीच्या वाटेवर, भिंगारला चालत येताना, त्यांना राहवेना.

"ज्यानं ह्यो कपडा शिवला, त्यानं जन्मात कधी ताडपत्री शिवली न्हाई. शिवनीला नुसता एकेरी टाका."

"आप्पा, सिनेमा आहे तो."

"सिनेमा हाय म्हनून काय झालं? आन् ते कोपर! हवा भरल्याली बाही आशी वाकती व्हय?"

घरी आल्यावर त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा हातभर तुकडा घेतला. दोन्ही टोकं सुतळीने करकचून बांधली आणि मधल्या व्हॉल्व्हमधून हवा भरली. "वाकीव," म्हणाले. मी दोन्ही हातांनी जोर लावला. ट्यूब वाकली, पण सोडताच ताडकन सरळ झाली आणि माझ्या हनुवटीला लागली. आई हसली. आप्पा हसले नाहीत. ते त्या ट्यूबकडे टक लावून बघत बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी फाटक्या कॅनव्हासची एक बाही शिवून त्या ट्यूबवर चढवली. ती वाकेना. उसवली. दुसरी शिवली, तीही वाकेना. मग पेटीच्या भात्याला असतात तशा चुण्या कोपराच्या जागी घालून बघायला लागले. तेवढ्यात संक्रांत आली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी हौसाआत्या आली. आप्पांची थोरली बहीण. पारनेरकडच्या कोरडवाहू गावातली. तिचे यजमान बैल घेऊन गुरांच्या छावणीत गेले होते आणि ती दुष्काळी कामावर खडी फोडत होती. गावाजवळ पाझर तलाव बांधायला घेतला होता. त्याच्या बांधाचं काम मोजणीसाठी थांबलं होतं. पुन्हा कधी सुरू होईल ते कुणी सांगत नव्हतं, म्हणून ती भावाकडे आली होती. येताना तिने आमच्यासाठी कामावर खायला मिळणारी सुकडी, गोडसर भरड पीठ, फडक्यात बांधून आणली. दुसरं काही आणण्यासारखं नव्हतंच. आत्याला रिकामं बसता येत नसे. दोन दिवसांत तिने आमचं घर झाडून, सारवून काढलं आणि पाण्याच्या रांगेत ओळखीसुद्धा करून टाकल्या. मधूनच ती आप्पांना विचारायची, "दत्तू, आजच्या पेप्रात आमच्या कामाचं काय आलंया का रं?"

त्याच आठवड्यात सरकारी प्रसिद्धी खात्याची गाडी शाळेत आली. चंद्रावरच्या मोहिमेचा माहितीपट होता. भर दुपारी हॉलमध्ये अंधार करायचा म्हणून मुलांनी घरून घोंगड्या आणल्या. आप्पांनी जेवणाच्या सुट्टीत येऊन त्या खिडक्यांवर टाचल्या आणि मग तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले. आत्याही आली होती, कारण एक घोंगडी तिची होती.

सिनेमा पाहिलेल्या आम्हा मुलांची निराशा झाली. राखाडी, मुंग्या आल्यासारखं चित्र. आकाश काळं कुळकुळीत, त्यात एक तारा नाही. दोन फुगलेली माणसं बदकासारखी चालत होती. एकाने खाली पडलेलं काहीतरी उचलायचा प्रयत्न केला, त्याला वाकताच येईना, आणि तो तोल जाऊन हळूच, जणू पाण्यात पडावा तसा पडला. मुलं हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "ए, हे नकली आहे! थिएटरातलं खरं होतं!"

मला अंधारात आप्पांचा आवाज आला. "कोपर वाकत न्हाई. बघ आक्का, त्याचं कोपर वाकत न्हाई. खरं हाय हे."

पुढे माहितीपटात कारखाने दाखवले, यंत्रं दाखवली, आणि मग एक लांबलचक खोली आली. ओळीने शिलाई मशीन होत्या आणि त्यांच्यावर बायका बसल्या होत्या. एक चष्मेवाली बाई, आमच्या आईपेक्षा वयाने मोठी असेल, पांढऱ्या कापडाचे थर एकावर एक ठेवून मशीन चालवत होती. टाका पडला की थांबून बोटाने चाचपत होती. तिच्या हातात ती बाही होती. चुण्यांची.

हे चित्र काही क्षणच होतं. आप्पा मोठ्याने म्हणाले, "थांबवा! ओ साहेब, जरा थांबवा!"

माहितीपट संपल्यावर ते प्रोजेक्टरवाल्याजवळ गेले आणि तेवढं एकदा परत दाखवा म्हणाले. त्याला पुढच्या शाळेत जायचं होतं. गंधे सर मध्ये पडले. रीळ उलटं फिरवलं, मुलांना बाहेर सोडलं, आणि रिकाम्या हॉलमध्ये आप्पा, आत्या, सर आणि मी, अशा चौघांसाठी ती बाई पुन्हा एकदा मशीनवर बसली. आप्पा पडद्याच्या इतके जवळ गेले की चित्र त्यांच्या सदऱ्यावर पडलं.

आत्याने सरांना विचारलं, "गुर्जी, तिथं पानी हाय का?"

"नाही."

"वारं?"

"तेही नाही."

"नुसता फुफाटा आन् दगूड. आमच्या कामावानीच." मग जरा थांबून, "आता परत कवा जानार?"

सर म्हणाले, "आता नाही जाणार. गेल्या महिन्यात गेले ते शेवटचे. तिकडच्या लोकांनाही आता खर्च नको वाटतो."

"म्हंजी काम बंद?"

"हो. काम बंद."

आत्याने खिडकीवरची आपली घोंगडी उतरवून तिची घडी घातली.

आप्पांची बाही दोन दिवसांत तयार झाली. चुण्या बाहेरून, आत दोन्ही अंगांनी दोरी. हवा भरूनही ती कोपरात वाकत होती, आणि वाकल्यावर तशीच राहत होती. त्यांना इतकं खूश मी क्वचितच पाहिलं. मला वाटलं, आता ते मला म्हणतील, ही घे. पण नसीम आमच्याकडे आली, काका, त्या पोशाखाचं मला नीट सांगा म्हणाली, आणि आप्पांनी तिला समोर बसवून सगळं सांगितलं आणि बाही तिच्या हातात दिली.

ती गेल्यावर मी रडकुंडीला आले. "तुम्ही माझे वडील आहात की तिचे?"

"आगं, तुझ्या भाषनात ती बाही काय कामाची? तू तर म्हननार हायस, हे सगळं बंद करा."

त्यांचं बरोबर होतं, आणि त्यामुळेच मला जास्त राग आला. त्या रागात मी भाषण पुन्हा लिहिलं. आधीच्या भाषणात मिलो होती, शाळा होत्या, दवाखाने होते. आता मी त्यात आत्याला आणलं. माझी सख्खी आत्या, लिहिलं मी, अनवाणी पायांनी, उपाशीपोटी, रणरणत्या उन्हात खडी फोडते. तिच्या हातांतून रक्त वाहतं आणि डोळ्यांतून आसवं. ती आकाशाकडे बघते तेव्हा तिला चंद्र दिसत नाही, भाकरी दिसते. मी ते आरशासमोर म्हणून पाहिलं. माझ्याच अंगावर काटा आला.

स्नेहसंमेलनाला हॉल भरला होता. नसीम आधी बोलली. तिने बाही दाखवली, वाकवली. लोकांनी कौतुकाने पाहिलं, पण शेवटच्या रांगांना काही दिसलंच नसावं. मग मी उभी राहिले. भाकरीच्या वाक्याला हॉल स्तब्ध झाला. एका बाईंनी पदर डोळ्यांना लावला. टाळ्या थांबेनात. सरांनी कौल घेतला तेव्हा माझ्या बाजूने हातांचं रान उठलं. नंतर ते म्हणाले, "आता नसीमच्या बाजूचे." काही मुलींचे हात वर गेले, आणि मोठ्या माणसांत दोनच. भिंतीजवळ उभे असलेले आप्पा, आणि त्यांच्या शेजारी हौसाआत्या.

आप्पांचं मला आश्चर्य वाटलं नाही. आत्याचं वाटलं. घरी आल्यावर मी विचारलं, "आत्या, मी तुझ्यासाठी बोलत होते. आणि तू हात तिकडे वर केलास?"

ती चुलीपुढे बसून चहा गाळत होती. म्हणाली, "त्या मशिनवरच्या बाया हायेत ना. काम बंद झाल्यावर त्या कुनाच्या दारात गेल्या आसतील?"

तिने कपबशी माझ्यापुढे सरकवली आणि मग, आवाज न चढवता, दुसरी गोष्ट काढली.

"शकू, मी उपाशी कवा राह्यले गं?"

"तसं नाही, आत्या, भाषणात जरा..."

"मला भाकर मिळती. मिलोची का हुईना, मिळती. आन् पायात टायरच्या वहाना हायेत माझ्या, दाराशी बघ. आन् रडत म्हनलीस. त्यो मुकादम सुदीक आजून मला रडताना बघू शकला न्हाई. समद्या लोकांत माझं आसं का केलंस?"

आई मध्ये काही म्हणणार होती, आप्पांनी तिला हाताने थांबवलं. मला वाटलं, ते आता सिनेमातल्या खोट्या चेनीची गोष्ट काढतील. त्यांनी काढली नाही. ते उठून अंगणात गेले. मी चहा न पिता तशीच बसले. बक्षिसाचं पेन माझ्या हातातच होतं.

चार दिवसांनी काम सुरू झाल्याची बातमी आली आणि आत्या गेली. पंधरा दिवसांनी नगरला त्याच विषयावर आंतरशालेय स्पर्धा होती, नसीमची आणि माझी जोडी जाणार होती. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी आप्पांना म्हटलं, मला आत्याच्या कामावर न्या. त्यांनी रजा टाकली. एसटीने पारनेरपर्यंत, पुढे चालत.

माळावर माणसंच माणसं होती. टोपल्यांच्या ओळी बांधावर चढत होत्या आणि उतरत होत्या, आणि एका अंगाला खडी फोडणाऱ्या बायका बसल्या होत्या. हातोड्यांचा आवाज एका लयीत येईना, पावसाच्या थेंबांसारखा कसाही येत होता. मी वही घेऊन बसले. बायका रडत नव्हत्या. त्या भांडत होत्या, कुणाच्या तरी सुनेची थट्टा करत होत्या, आणि मधूनच एखादी ओवी म्हणत होती. त्यांनी डोळ्यांभोवती पदर गच्च बांधला होता, कारण कपच्या उडतात. डोक्यावरच्या उन्हापेक्षा पाठीतली कळ वाईट, असं त्या म्हणाल्या. आत्याने माझी ओळख करून दिली, "ही माझी भाची. हिनं चंद्र पडद्यावर बघितलाय." मग त्यांनीच मला प्रश्न विचारले. तिथं सावली पडती का? त्या मान्सांनी तिथं खाल्लं काय? बाईमानूस गेली का कुनी? मला येत होतं तेवढं सांगितलं. बाई कुणी गेली नाही म्हटल्यावर एक म्हातारी म्हणाली, "म्हनूनच परत जाईनात," आणि सगळ्या हसल्या.

मी भाषण तिसऱ्यांदा लिहिलं. बाजू तीच ठेवली, कारण चिठ्ठीत तीच आली होती, आणि खरं सांगायचं तर मिलो खाताना मला ती पटतही होती. पण आत्याला मी पाहिलं तसंच मांडलं. टायरच्या वहाणा, डोळ्यांवरचा पदर, अंगठ्याचं काळं पडलेलं नख, पाठीतली कळ, म्हातारीचा विनोद. मशीनवरच्या बायांबद्दल आत्याने विचारलेला प्रश्नही घातला, जरी तो माझ्या बाजूच्या विरोधात जात होता. गंधे सरांनी वाचलं आणि म्हणाले, "खरं आहे, पण टाळ्या नाही मिळायच्या. वादविवादात थोडा रंग भरावा लागतो." मी म्हटलं, "असू द्या, सर."

नगरच्या त्या हॉलमध्ये मी बोलायला उभी राहिले आणि दाराशी मला आत्या दिसली. कामाचा खाडा करून, सकाळच्या एसटीने आली होती. मी बोलले. हॉल शांत होता, पण आधीसारखा शांत नाही. कुणीतरी खोकलं, कुणी उठून बाहेर गेलं. म्हातारीच्या वाक्याला मात्र खरोखरचं हसू आलं. नसीमला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, मला काही नाही. परीक्षक म्हणाले, विषय चांगला हाताळला, आवेश कमी पडला.

पुढे मी शिक्षिका झाले आणि आयुष्यभर मुलांची भाषणं बसवली. चंद्राचे सिनेमे आता फार खरे दिसतात असं म्हणतात, टीव्हीवर उड्डाण लागलं की घरोघरी लोक हात जोडून बसतात, आणि खर्चाचा प्रश्न अजूनही कुणीतरी विचारतंच. विचारावाच. मी कुणाच्या बाजूने हात वर करेन ते माझं मलाही दर वेळी सारखं सांगता येत नाही. फक्त कुणी एखाद्या गरिबाचं नाव घेऊन बोलायला लागलं, की तो माणूस हॉलमध्ये कुठे बसलाय का, हे मी आधी बघते.

स्पर्धेच्या त्या दिवशी आम्ही आत्याला पोचवायला स्टँडवर गेलो. गाडीला वेळ होता. आप्पांनी तिच्यासाठी भजी आणली. मी बराच वेळ घुटमळले आणि विचारलं, "आत्या, या वेळी बरोबर होतं ना सगळं?"

तिने भजं तोंडात टाकलं, विचार केला. "व्हय. चांगलं बोललीस. समदं खरं हुतं." मग हसायलाच लागली. "पर एक चुकलंच तुझं."

"काय?"

"तू म्हनलीस, आत्याच्या उजव्या अंगठ्याचं नख काळंठिक्कर पडलंय. आगं येडे, हातोडा कंच्या हातात आसतो? उजव्या. मंग उजव्या अंगठ्याला लागंल कसा?" तिने डावा अंगठा माझ्या नाकापुढे धरला. "ह्यो हाय त्यो. दगूड ह्या हातानं धरत्यात."

आप्पा इतके हसले की त्यांना भज्याचा ठसका लागला.

स्पर्धा संपली होती, ते भाषण मला पुन्हा कुठे करायचं नव्हतं. तरी तिची गाडी लागेपर्यंत मी तिथेच बाकावर कागद मांडीवर घेतला आणि 'उजव्या' खोडून 'डाव्या' केलं.